सोन्याचे कण, अवरक्त प्रकाश आणि कोकणातला कर्करुग्ण

शरीरात अतिसूक्ष्म धातुकण सोडायचे, ते गाठीत पुरेसे साठले की त्या जागी ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पाडायचा आणि त्या प्रकाशाने तापलेल्या कणांकरवी गाठीतल्या पेशी मारायच्या, या पद्धतीला प्रकाशऔष्णिक उपचार म्हणतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विषयावर जगभर हजारो शोधनिबंध निघाले आणि उंदरांच्या अंगावरच्या गाठी प्रयोगशाळांमागून प्रयोगशाळांत नाहीशा झाल्या; तरीही भारतातल्या रुग्णालयांत नॅनोकणांचा हा उपचार नेहमीचा म्हणून अजून मिळत नाही. प्रयोगशाळा आणि रुग्णाची खाट यांमधले हे अंतर कशामुळे राहिले, ते कमी करण्यात मुंबईच्या संशोधकांनी काय केले, आणि मोठ्या कर्करोग रुग्णालयापासून एका रात्रीच्या प्रवासाइतक्या दूर असलेल्या कोकणातल्या राजापूरसारख्या तालुक्याने या पद्धतीकडून कोणती अपेक्षा ठेवावी, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

उष्णतेने गाठ हटवण्याची कल्पना जुनी आहे. १८६६ मध्ये जर्मनीतील बुश या शल्यवैद्याने तीव्र ज्वरानंतर चेहऱ्यावरची गाठ विरल्याची नोंद केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या विल्यम कोली यांनी जंतूंपासून काढलेली द्रव्ये टोचून रुग्णांना मुद्दाम ताप आणण्याचे प्रयोग केले. त्यांच्या यशाचे श्रेय आज उष्णतेपेक्षा जागृत झालेल्या प्रतिकारशक्तीला दिले जाते; पण त्यामुळे उष्णतेचा अभ्यास थांबला नाही. पेशींचे तापमान ४१ ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान काही काळ राहिले, तर त्यांतली प्रथिने आपला आकार गमावू लागतात आणि किरणोपचाराने तुटलेला डीएनए सांधण्याची त्यांची क्षमता घटते. तापमान ५० अंशांच्या पुढे गेले की प्रथिने गोठतात आणि ६० अंशांच्या आसपास पेशी काही क्षणांतच मरते. म्हणजे सौम्य उष्णता ही किरणोपचाराला किंवा औषधाला दिलेली जोड असते, तर तीव्र उष्णता हा स्वतंत्र घाव असतो. नॅनोकणांविषयीच्या लोकप्रिय लेखनात हे दोन प्रकार सर्रास एकच समजले जातात आणि वाचकाची दिशाभूल होते ती तेथेच.

सौम्य उष्णतेच्या बाजूने चांगला पुरावा उपलब्ध आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत, गर्भाशयमुखाच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगावर केवळ किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांपैकी २७ टक्के, तर किरणोपचारासोबत उष्णता घेतलेल्यांपैकी ५१ टक्के स्त्रिया तीन वर्षांनंतर हयात होत्या. मुंबईच्या नानावटी रुग्णालयात डॉ. नागराज हुईलगोळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोके व मान यांच्या कर्करोगावर अशीच तुलना केली आणि २०१० मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. ५६ रुग्णांच्या त्या छोट्या चाचणीत गाठ पूर्णपणे विरण्याचे प्रमाण केवळ किरणोपचाराने सुमारे ४२ टक्के, तर उष्णतेची जोड दिल्यावर सुमारे ७९ टक्के आढळले. तथापि या पद्धतीत रेडिओलहरींनी बाहेरून उष्णता द्यावी लागते. ती गाठीपाशी पोहोचेपर्यंत वाटेतली त्वचा आणि चरबीही तापते, शिवाय वाहते रक्त बरीचशी उष्णता काढून नेते. राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यात कितीही वेळ बसले, तरी पोटातल्या गाठीचे तापमान उपचाराइतके वाढत नाही, त्यामागेही रक्ताची हीच व्यवस्था असते. उष्णता बाहेरून आत ढकलण्याऐवजी ती गाठीतच निर्माण करता आली तर, या विचारातून नॅनोकणांचा मार्ग निघाला.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या मापाच्या सोन्याच्या कणावर प्रकाश पडला की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन एकदमच पुढेमागे हेलकावू लागतात, आणि प्रकाशाची वारंवारता त्या हेलकाव्याशी जुळली तर कण तो प्रकाश अतिशय जोरकसपणे शोषून घेतो. या घटनेला पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन असे नाव आहे. शोषलेली ऊर्जा सेकंदाच्या अब्जांशापेक्षाही कमी वेळात कणाच्या स्फटिकजालात आणि तेथून भोवतालच्या पाण्यात उष्णतेच्या रूपाने उतरते. वीसएक नॅनोमीटरचा गोल सुवर्णकण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून अशा कणांचे द्रावण माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये असे द्रावण तयार केले होते आणि १९०८ मध्ये गुस्टाव्ह मी यांनी त्या रंगाचे गणित मांडले. परंतु हिरवा प्रकाश शरीरात खोल जात नाही, कारण रक्तातले हिमोग्लोबिन तो वाटेतच शोषते. अंधारात तळहातामागे बॅटरी धरली की बोटांच्या कडांतून फक्त लाल उजेड दिसतो, निळा किंवा हिरवा दिसत नाही. लाल रंगाच्या पलीकडे, साधारणतः ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात हिमोग्लोबिन आणि पाणी ही दोन्ही कमी शोषण करतात. या अदृश्य प्रकाशाला निकट-अवरक्त प्रकाश म्हणतात. म्हणून सुवर्णकणाचा आकार असा बदलावा लागतो की त्याचे शोषण हिरव्याकडून या पट्ट्यात सरकेल. कण लांबट दांडीसारखा केला, किंवा वाळूतल्या सिलिकाच्या गोळीवर सोन्याचा पातळ मुलामा चढवला, की हे साधते.

येथे सुवर्णभस्माचा उल्लेख ओघानेच येतो. सुवर्णभस्मात नॅनोमापाचे सोने असल्याचे आधुनिक तपासण्यांत आढळले आहे आणि तेवढ्या आधारावर आयुर्वेदाला नॅनोतंत्रज्ञान पूर्वीच अवगत होते असे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु भस्मातले कण एकसारख्या मापाचे वा आकाराचे नसतात, ते पोटात घेतले जातात आणि त्यांच्यावर प्रकाश टाकला जात नाही. तेव्हा भस्माचे गुणावगुण काहीही असोत, प्रकाशऔष्णिक उपचाराशी त्याचे नाते फक्त धातूपुरते आहे.

या उपचाराची आधुनिक सुरुवात अमेरिकेतील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठात झाली. नाओमी हलास आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले की सिलिकावर सोन्याचा मुलामा दिलेले कण उंदराच्या गाठीत सोडून ८२० नॅनोमीटरचा लेसर चार ते सहा मिनिटे टाकला, तर गाठीचे तापमान सरासरी ३७ अंशांनी वाढते, आणि कण न दिलेल्या ऊतींवर तोच लेसर टाकल्यास त्यांना इजा होत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी हे कण शिरेतून दिले. उपचार घेतलेल्या उंदरांच्या गाठी गेल्या आणि नव्वद दिवसांनंतरही ते निरोगी राहिले. २००६ मध्ये अटलांटा येथील मुस्तफा अल-सय्यद यांच्या गटाने सुवर्णदांड्यांनी हेच पेशींवर करून दाखवले. त्यानंतर कार्बनच्या नळ्या, तांब्याची सल्फाइडे, काळा फॉस्फरस, सेंद्रिय रंग, मेलॅनिनसारखी बहुवारिके अशा पदार्थांची रीघच लागली. या रिघेतल्या बहुतेक कामांत कण नवा आणि उंदीर मात्र तोच, अशी स्थिती आहे. कातडीखाली वाढवलेली वाटाण्याएवढी गाठ प्रकाशाला सहज सापडते. ती बरी करणे हे कौशल्याचे असले तरी माणसाच्या स्वादुपिंडातल्या गाठीविषयी त्यावरून काही ठरत नाही.

माणसांवरचा भरवशाचा अनुभव जो काही आहे, तो पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगातला आहे. त्याची कार्यपद्धती बारकाईने पाहण्याजोगी आहे. पहिल्या दिवशी रुग्णाच्या शिरेतून सुमारे दीडशे नॅनोमीटरच्या सुवर्णकवचांचे द्रावण सलाइनसारखे दिले जाते. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या असल्याने त्यांच्या भिंतींना फटी असतात. त्या फटींतून कण गाठीत झिरपतात. दुसऱ्या दिवशी, आधी काढलेल्या एमआरआय चित्रावर त्या क्षणीचे सोनोग्राफीचे चित्र जुळवून, लेसरचा बारीक तंतू सुईवाटे थेट गाठीपर्यंत नेला जातो आणि ८१० नॅनोमीटरचा प्रकाश काही मिनिटे सोडला जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात १६ पैकी १५ रुग्णांत ही प्रक्रिया पूर्ण करता आली. उपचार केलेल्या जागेतून वर्षभरानंतर घेतलेल्या तुकड्यांत १५ पैकी १३ जणांत कर्करोग आढळला नाही, आणि लघवीवरील ताबा किंवा लैंगिक क्षमता यांत लक्षणीय घट झाली नाही. पुढे अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांशावर आले. लहान चाचणीतले यश मोठ्या चाचणीत थोडे उतरते, हा वैद्यकातला नेहमीचा अनुभव येथेही आला; तरी हे आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. मात्र या चाचण्यांत निवडलेले रुग्ण एका जागी मर्यादित आणि फारसा आक्रमक नसलेला कर्करोग असलेले होते, ही अट विसरता कामा नये.

महाराष्ट्रातले या विषयातले सर्वांत महत्त्वाचे काम मुंबई परिसरात झाले आणि ते नेमक्या एका उणिवेला हात घालणारे होते. सिलिका आणि सोन्याची कवचे शरीरात विघटित होत नाहीत. रक्तातून फिरताना त्यांतली बहुसंख्य यकृत आणि प्लीहा यांतल्या भक्षक पेशी गिळतात आणि तेथे ती महिनोन्‌महिने पडून राहतात. पवईच्या आयआयटीत रोहित श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेने यावर वेगळा तोडगा काढला. लायपोसोम म्हणजे पेशीच्या आवरणात असतात तशाच मेदद्रव्यांची पोकळ सूक्ष्म गोळी; कर्करोगाची काही औषधे तिच्यात भरून आजही दिली जातात. सिलिकाच्या घट्ट गाभ्याऐवजी अशा लायपोसोमवर सोन्याचे बारीक कण बसवले, तर तो समुच्चय प्रकाश शोषून तापतो आणि काम झाल्यावर त्यातला मेद शरीरातच विरघळून सोन्याचे फक्त पाच ते आठ नॅनोमीटरचे कण उरतात, जे मूत्रपिंडातून आणि पित्तावाटे बाहेर पडू शकतात. अरविंद रेंगन यांनी श्रीवास्तव यांच्याकडे केलेल्या या कामाला खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियल केंद्राच्या संशोधन संस्थेतील अभिजित डे यांच्या गटाची जोड मिळाली, आणि उंदरांमधील गाठी पूर्ण नष्ट झाल्याचे, तसेच कण शरीराबाहेर जात असल्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘नॅनो लेटर्स’ या नियतकालिकात आले. कण तापतो की नाही हे पाहण्यात जग गुंतले असताना, काम संपल्यावर कण जातो कोठे हा प्रश्न या गटाने पुढे आणला. औषध नियंत्रकाच्या टेबलावर पहिला प्रश्न हाच येतो. २०१९ मध्ये केंद्र सरकारने नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही कणांचे शरीरातले वितरण आणि निचरा यांना महत्त्वाचे स्थान आहे.

असे असूनही हे काम रुग्णांपर्यंत का पोहोचले नाही, याची कारणे एकट्या मुंबईची नाहीत. २०१६ मध्ये दहा वर्षांतल्या शोधनिबंधांची एकत्रित छाननी झाली तेव्हा असे दिसले की शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांच्या प्रमाणाचा मध्यक केवळ ०.७ टक्के आहे. शिवाय ज्या फटींच्या भरवशावर सारी योजना उभी आहे, त्या मानवी गाठींत असतीलच असे नाही. दुसरी अडचण खोलीची. निकट-अवरक्त प्रकाशही एखाद-दोन सेंटिमीटरांपलीकडे क्षीण होतो. त्यापुढच्या गाठीसाठी तंतू सुईने आत न्यावा लागतो, आणि एकदा सुई आत न्यायचीच ठरली की नुसत्या लेसरने किंवा रेडिओलहरींच्या सुईने गाठ जाळण्याच्या प्रचलित पद्धती स्पर्धेत उतरतात, ज्यांना कणांची गरजच नसते. तिसरे असे की गाठीच्या मध्यभागी ७० अंश आणि कडेला ४० अंश अशी विषमता राहिली, तर कडेच्या पेशी वाचतात आणि रोग तेथूनच उलटतो. सर्वांत मोठी मर्यादा अर्थातच पसरलेल्या रोगाची आहे, कारण प्रकाश पडेल तेवढ्याच जागी हा उपचार होतो. उष्णतेने मेलेल्या पेशींतून बाहेर पडणारी प्रथिने प्रतिकारशक्तीला जागी करतात आणि इम्युनोथेरपीची औषधे सोबत दिल्यास दूरच्या गाठीही आकसतात, असे प्राण्यांत दिसले आहे. सध्याच्या संशोधनाचा मोठा ओघ त्या दिशेला आहे.

खोलीच्या अडचणीवर दुसरा उपाय म्हणजे प्रकाशाऐवजी बदलते चुंबकीय क्षेत्र वापरणे, कारण ते शरीरातून आरपार जाते. लोहाच्या ऑक्साइडचे कण अशा क्षेत्रात तापतात. बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीच्या या उपचाराला मेंदूच्या गाठीसाठी २०१० मध्ये युरोपीय मान्यता मिळाली. मात्र कण कवटीला छिद्र पाडून थेट गाठीत टोचावे लागतात आणि उपचारानंतर त्या जागेचा एमआरआय नीट काढता येत नाही, यामुळे त्याचा प्रसार मर्यादितच राहिला. कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात एस. एच. पवार यांच्या मार्गदर्शनाखाली अशा चुंबकीय कणांवर बरेच काम झाले असून ते मुख्यतः कणांची निर्मिती आणि पेशींवरील चाचण्या यांपुरते आहे.

आता राजापूरचा विचार. या तालुक्यात जैतापूरच्या नियोजित अणुऊर्जा प्रकल्पावरून वर्षानुवर्षे वाद झाला आणि त्या वादात किरणोत्सर्ग व कर्करोग हे शब्द गावोगावच्या सभांतून पोहोचले. त्यामुळे ‘किरणांनी उपचार’ म्हटले की मनात शंका येणे येथे स्वाभाविक आहे. निकट-अवरक्त प्रकाश हा किरणोत्सर्ग नव्हे. क्ष-किरणांप्रमाणे अणूंतून इलेक्ट्रॉन उखडून डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा त्याच्या एका प्रकाशकणात नसते, आणि तो फक्त तापवतो. भाजण्याचा धोका त्यात आहे, पण त्या प्रकाशाने पुढे नवा कर्करोग होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न कोणते कर्करोग आणि ते कोणत्या टप्प्यावर सापडतात, हा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळतात. पुरुषांत तोंडाचा, तर स्त्रियांत स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आघाडीवर असतो. कोकणात तंबाखू, गुटखा आणि बायकांची मिश्री यांची सवय पाहता तोंडाच्या कर्करोगाचे येथे नवल वाटू नये. गंमत अशी की प्रकाशऔष्णिक उपचाराला सर्वांत सोयीच्या जागा याच आहेत, कारण गालाचा आतला भाग, जीभ आणि गर्भाशयमुख येथवर प्रकाश सुईवाचून पोहोचतो. जपानने २०२० मध्ये प्रतिपिंडाला जोडलेला रंग आणि अवरक्ताजवळचा लाल प्रकाश यांवर आधारलेल्या उपचाराला डोके व मान यांच्या पुन्हा उलटलेल्या कर्करोगासाठी मान्यता दिली. त्यात नॅनोकण नाहीत, पण प्रकाशाने तोंडातली गाठ गाठता येते हे त्यातून सिद्ध झाले.

परंतु सोय असते ती गाठ लहान असेतोवर. राजापूर, ओणी, पाचल किंवा नाटे येथून जो रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचतो, तो बहुधा तोंड उघडेनासे झाल्यावर किंवा मानेत गाठी आल्यावर पोहोचतो. मधल्या महिन्यांत आधी दात काढून पाहिलेला असतो, गावचे औषध झालेले असते, भातलावणी आणि गणपती आटोपलेले असतात. लालबाग-परळच्या चाळीतल्या चाकरमानी नातेवाइकाची खोली नाहीतर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, आणि तेथून रोजची रुग्णालयाची वारी, हा प्रवास कोकणातल्या अनेक घरांच्या ओळखीचा आहे. अशा रुग्णाच्या जबड्याच्या हाडात शिरलेल्या गाठीला सुवर्णकण फारसा उपयोगी पडणार नाही. त्याला शस्त्रक्रिया आणि किरणोपचारच लागतील.

या दृष्टीने पाहिले तर ग्रामीण भागासाठी उष्णतेचा एक उपयोग आजच सिद्ध आहे आणि त्याला सोने लागत नाही. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगर, लावले की कर्करोगपूर्व पेशींचा भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो. त्यावर सुमारे १०० अंशांपर्यंत तापवलेले धातूचे टोक अर्धा-एक मिनिट टेकवले की तो भाग नष्ट होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या औष्णिक उपचाराची शिफारस केली. त्याचे यंत्र हातात मावते, बॅटरीवर चालते आणि वीज गेली तरी अडत नाही. व्हिनेगरची ही तपासणी मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने दीड लाख स्त्रियांच्या चाचणीत आजमावली, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या साथीने टाटा केंद्राने गावोगाव तपासणी केली आहे. म्हणजे हे काम येथे नवे किंवा अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. लहान गाठ शोधणारी ही यंत्रणा नसेल, तर उद्या प्रकाशऔष्णिक उपचार उपलब्ध झाला तरी त्याला योग्य असा रुग्ण राजापुरातून मिळणार नाही.

मुंबईतल्या संस्थांना प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतचा मार्ग चालता येतो, हे दुसऱ्या एका उपचाराने दाखवले आहे. रक्ताच्या कर्करोगावरील नेक्सकार-१९ ही पेशी-उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झाली आणि २०२३ मध्ये तिला औषध नियंत्रकाची मान्यता मिळाली. त्यामागे उद्योगाची उभारणी, टप्प्याटप्प्याच्या चाचण्या आणि परदेशापेक्षा पुष्कळ कमी किंमत ठेवण्याचा निर्धार होता. सुवर्ण-लायपोसोमच्या वाट्याला हे सारे यायचे असेल, तर तोंडाच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगावर छोटी, नीट आखलेली मानवी चाचणी ही पहिली पायरी ठरावी. पुरःस्थ ग्रंथीच्या मागे धावण्यापेक्षा भारतासाठी ती अधिक उचित होय.

तोवर नॅनो-सोन्याने कर्करोग बरा करून देतो असे सांगून पैसे मागणाऱ्या कोणाच्याही नादी लागू नये, कारण असा मान्यताप्राप्त उपचार आज देशात नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण, तोंड उघडताना ताठरपणा यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर राजापूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच दाखवावे आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी.